मळीचं रान

हे मी आजवर कुणाजवळ बोललेली नाही. नवऱ्याजवळ नाही, बहिणीजवळ नाही, आणि जिच्याजवळ बोलायला हवं होतं तिच्याजवळ तर नाहीच. तुमच्याजवळ बोलते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — उद्या रस्त्यात समोर आलात तरी मला मान खाली घालावी लागणार नाही. हाही भित्रेपणाच आहे, कळतं मला. पण दुसरं काही जमलं नाही.

फार मोठं काहीतरी असेल असं समजून बसू नका. कुणाचा जीव गेला नाही. पोलीस नाही, कोर्ट नाही. मी एक शब्द बोलले. दोन अक्षरांचा. खऱ्या शब्दाच्या इतका जवळचा, की ऐकणाऱ्याला वाटावं, चुकून झालं असेल. चुकून झालं नव्हतं. एवढंच आहे सगळं. मग इतकी वर्षं का लागली म्हणाल, तर — थांबा, आधी जागा सांगते. जागा कळल्याशिवाय शब्द कळायचा नाही.

मी सोलापुरातली. वडील मिलमध्ये होते, आम्ही चाळीत वाढलो. बारावी झाले आणि लग्न होऊन गेले ती करमाळ्याच्या अंगाला, भीमेच्या काठावरच्या गावात. काठ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर नदी येईल. माझ्याही आली होती. प्रत्यक्षात बघते तर समोर नुसतं पाणी, पलीकडचा काठ धुरकट, लाटा येऊन दगडांवर आपटतायत. उजनीच्या धरणाचं पाणी मागे फुगत येतं त्याच्या काठाला आमचं गाव. आमच्याकडचे लोक त्याला सरळ दर्या म्हणतात. समुद्र कुणी पाहिला नव्हता, त्यामुळे म्हणायला कुणाची हरकत नव्हती.

ते गाव म्हणजे नवं गाव. जुनं पाण्याखाली गेलेलं. माझ्या लग्नाच्या आधीच काही वर्षं सगळे उठून वर माळावर येऊन राहिले होते. निम्मी घरं आमच्यात आली, निम्मी लांब कुठे कुठे जमिनी मिळाल्या तिकडे गेली. जे राहिले त्यांचं बोलणं मात्र अजून खालीच होतं. ‘खाली’ म्हणजे जुनं गाव. खाली आमची विहीर होती, खाली चिंच होती, खाली असं नव्हतं. नव्या सुनेला काय कळणार यातलं? मी आपली मान हलवायची.

कळायला लागलं ते काशाक्कांमुळे. आमच्या समोरच राहायच्या. नात्यानं कुणी नाही, पण सासूबाईंची आणि त्यांची खालपासूनची ओळख. तेव्हा चाळिशीच्या पुढे असतील. उंच, हाडापेरानं दणकट, आणि बोलायला लागल्या की समोरच्याला मध्ये तोंड घालायला फट ठेवायच्या नाहीत. मला भाकरी थापता येत नव्हती, गवत कुठलं आणि पीक कुठलं ते ओळखू येत नव्हतं. घरातले हसायचे. सासूबाई हसायच्या नाहीत, नुसत्या बघायच्या — ते जास्त वाईट. अक्का मात्र मला बोटाला धरल्यासारखं सगळीकडे घेऊन गेल्या.

पहिल्या वर्षी संक्रांत झाल्यावर पाणी मागे हटायला लागलं. रोज थोडं थोडं. मी गावाकडचं तेवढं सुंदर काही पाहिलं नव्हतं, आणि तेवढं घाणेरडंही. काळा चिखल, मेलेले शिंपले, चिलापी माशांचा वास. आणि लोक बघाल तर लग्नघर असल्यासारखे. ‘उघडं पडलं, उघडं पडलं’ म्हणत खाली धावतायत. पाणी ओसरून जी जमीन वर येते तिला गाळपेर म्हणतात. पावसाळ्यात पाणी परत येईपर्यंत तिच्यात एक पीक निघतं. खत नको, फार मशागत नको. नदीनं वर्षभर आणून टाकलेला गाळ असतो, त्यात बी टाकायचं.

अक्कांनी मला त्या चिखलात उतरवलं. चपला काढायला लावल्या. पाय पोटरीपर्यंत आत गेला तशी मी ओरडले. त्यांनी वाकून मूठभर गाळ उचलला आणि माझ्या तळहातावर ठेवला. दाब म्हणाल्या. दाबला. लोण्यासारखा बोटांतून वर आला. "ही मळी," त्या म्हणाल्या. मग मला तसंच हाताला धरून वर चढवत नेलं, नव्या गावाच्या बाजूला, जिथे पाणी कधी येतं कधी येत नाही तिथे. तिथला मुरूम माझ्या त्याच हातावर ओतला. खडे, धूळ, वाळलेली कुसळं. "आन ह्यो माळ. ध्येनात ठेव. मळी आन माळ. सोयरीक जुळवताना बी आमच्यात आधी हेच इचारत्यात की."

मी लक्षात ठेवलं. तुम्हीही ठेवा. नदीकाठचं गाळाचं रान ते मळी. वरचं खडकाळ ते माळ. जुनं गाव सगळं या दोन शब्दांवर उभं होतं. मळीत वांगी, घेवडा, कलिंगडं, हरभरा. माळावर मेंढरं आणि पाऊस झालाच तर मटकी. मळीवाल्यांच्या घरी पाहुणा आला की भाजी विकत आणायला लागायची नाही. माळवाल्यांची पोरं दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची. आणि आडनाव तर अर्ध्या गावाचं एकच. त्यामुळे माणसं रानावरून ओळखायची रीत. चिंचेचे, विहिरीवरचे, ओढ्याचे. रान बुडालं तरी नाव तेच राहिलं. काशाक्कांना सगळं गाव ‘मळीच्या काशाक्का’ म्हणायचं. रान त्यांचं फार मोठं नव्हतं, पण ऐन नदीला लागून होतं. त्या नावाचा त्यांना तोरा होता. असणारच की.

आमचं स्वतःचं रान विहिरीवरचं. तेही बुडालं होतं, तेही उन्हाळ्यात उघडं पडायचं, पण उशिरा आणि अर्धवट. विहिरीकडे गाळापेक्षा दगडगोटेच जास्त साचले होते. सासरे दरवर्षी कपाळाला हात लावायचे.

मग अक्कांचे मालक आजारी पडले. दम लागायचा, अंथरुणातून उठवेना. एकुलता मुलगा तेव्हा पुण्याकडे कुठल्याशा कंपनीत नुकता चिकटलेला. अक्का एकट्या काय काय करणार? पाणी हटलं तेव्हा त्या आपणहून आमच्याकडे आल्या, सासऱ्यांना म्हणाल्या, भावजी, यंदा तुम्ही पेरा, रान मोकळं ठेवलं की दुसरा घुसतो. आम्ही पेरलं. त्यांना धान्य दिलं, भाजी दिली, व्यवहारात काही कमी केलं नाही. पुढच्या वर्षीही आम्हीच पेरलं. तोपर्यंत मालक वारले होते. अक्का म्हणाल्या, पुढच्या साली मी करते आता, पोरगा येतोय परत.

आणि मी — बघा, इथूनच मला अडखळायला होतं. त्या दोन उन्हाळ्यांत मी पहिल्यांदा शेत शिकले होते. त्या पट्टीत मी कलिंगडं लावली, माझ्या हातानं आळी केली. कलिंगडं अशी लागली की टेंभुर्णीच्या बाजारात सासऱ्यांना लोक विचारायला लागले, कुणाच्या हातची. सासऱ्यांनी घरी येऊन ते सांगितलं. त्या रात्री माझ्या ताटात सासूबाईंनी स्वतः तूप वाढलं. शहरातून आलेल्या पोरीला एवढं पुरतं. मला त्या रानाची चटक लागली असं म्हणा. लोभ म्हणा, तुमची मर्जी. मला आता शब्दांवरून हुज्जत घालायचा हक्क नाही.

त्याच वर्षी गाळपेराची भांडणं वाढली. आधी ज्याची त्याची जुनी जमीन ज्याला त्याला ठाऊक होती, लोक आठवणीनं जाऊन पेरायचे. मग बाहेरची माणसं ट्रॅक्टर घेऊन उतरायला लागली, डोकी फुटायची वेळ आली. तेव्हा सरकारी कचेरीतून ठरलं की, ज्यांची जमीन बुडाली त्यांना विचारून, जुन्या रानाच्या जागेप्रमाणं पट्ट्या वाटायच्या. एक साहेब आले. तरुण, सरळ, कामाला चोख. विदर्भातले होते. आमच्याकडची भाषा त्यांच्या कानाला जरा जडच जायची. एखादा म्हातारा तंबाखू गालात धरून ‘तितं खालच्या अंगाला वगळीच्या शेजंला’ असं सांगायला लागला की साहेब आ वासून बघायचे.

सरपंचांनी त्यांच्या शेजारी मला बसवलं. गावातली शिकलेली सून, शहरातलं शुद्ध बोलणारी. म्हातारी माणसं सांगतील ते मी साहेबांना नीट मराठीत सांगायचं. मला केवढं वाटलं असेल? खुर्ची दिली होती मला. सासरे खाली जमिनीवर आणि मी खुर्चीत. सकाळपासून दुपारपर्यंत मी सगळ्यांचं खरं खरं सांगितलं. एकाही माणसाचा एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. हे मुद्दाम सांगते, म्हणजे मला जमत नव्हतं असं कुणी म्हणायला नको.

अक्का आल्या तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. शेजारी कुणाचं तरी पाणी उपसायचं इंजिन धडधडत होतं. लोक लांब बाभळीखाली बसलेले. टेबलाजवळ आम्ही तिघंच. त्या मला बघून हसल्या, साहेबांना नमस्कार केला आणि म्हणाल्या, "आमचं मळीचं हाय की." बस, एवढंच. जास्त सांगायची त्यांना कधी गरजच पडली नव्हती. अख्खं गाव ओळखत होतं.

साहेबांनी माझ्याकडे वळून विचारलं, मळीचं म्हणजे काय.

मी म्हणाले, "माळाचं म्हणतात त्या. वरच्या बाजूचं रान."

मला आधी सुचलेलं नव्हतं. रात्र रात्र जागून ठरवलं, कुणी कानात सांगितलं, घरच्यांनी गळ घातली — यातलं काही नाही. तोंडातून गेलं. पण गेल्यावर ते परत घ्यायला वेळ होता. भरपूर होता. साहेब लिहीत होते, पेन चालत नव्हतं, त्यांनी ते झटकलं, दुसरं पेन घेतलं. मी बघत बसले. मग खात्री करायला म्हणून त्यांनी अक्कांना मोठ्यानं विचारलं, माळाचं ना बाई? इंजिनाचा आवाज, त्यांचा वेगळा उच्चार, आणि अक्कांची पूर्ण खात्री की शेजारी शैला, म्हणजे मी, बसली आहे. त्यांनी आपलाच शब्द ऐकला. मान डोलवून म्हणाल्या, "व्हय."

मग साहेबांनी विचारलं, नदीच्या कडेची ती पट्टी सध्या कोण पेरतं. मी म्हणाले, आम्ही. दोन वर्षं. आणि हे खरंच होतं, नाही का?

वाटप जाहीर झालं तेव्हा अक्कांना वरची पट्टी निघाली. मुरमाची. पाणी हटताना सगळ्यात आधी उघडी पडते आणि तिच्यावर गाळ ठरतच नाही, लाटेनं धुऊन जातो. नदीकडची, दोन वर्षं पेरतो म्हणून, आमच्या नावानं. गावात आरडाओरडा झाला, पण तो प्रत्येकाचा आपापल्यासाठी. कुणाची पट्टी सरकली होती, कुणाची आखूड झाली होती. दुसऱ्याचं कुठे चुकलं ते बघायला कुणाला सवड नव्हती. दोघा-तिघा म्हाताऱ्यांनी म्हटलं, अरे, काशीचं तर मळीचं ना? बाकीचे म्हणाले, सरकारचं काम आहे, असंच असायचं. माझे सासरे सज्जन माणूस. त्यांना मनापासून वाटलं की साहेबानं चूक केली. ते अक्कांना म्हणाले, आपण जाऊन सांगू. पण बोलताना त्यांचा आवाज बारीक झाला होता. पट्टी आमच्या नावावर होती ना.

आणि अक्का? अक्का माझ्याकडे आल्या. मी चुलीपुढे होते. मला वाटलं, आता संपलं. त्या उंबऱ्यातच बसल्या, पदरानं तोंड पुसलं आणि माझी समजूत काढायला लागल्या. हो, माझी. कारण हापशावर बायका म्हणाल्या होत्या, शेजारी शैला बसलेली, तिनं काय सांगितलं कुणास ठाऊक. अक्का तिथं भांडून आल्या होत्या. मला म्हणाल्या, "तू मनाला लावून घिऊ नगंस. मी हुबी हुते की तितं. तू नीट सांगितलंस, त्या येड्यालाच कळलं न्हाय."

भाकरी तव्यावर करपली. मी ती खाली काढली. त्यांना चहा करून दिला.

त्यांनी मला एकच मागितलं. तालुक्याला कचेरीत जाऊ, तू संगट ये, तुला साहेबाशी बोलता येतं. मी हो म्हणाले. पहिल्यांदा माझ्या थोरल्या मुलाला ताप होता — खराच होता. मग सासूबाईंच्या माहेरी लग्न निघालं. मग पेरणी. मग उन्हाळा सरला, आभाळ भरून आलं, वरच्या धरणांतून पाणी सुटलं आणि सगळं परत बुडालं. अक्का म्हणाल्या, जाऊ दे, फुडल्या साली बघू. पुढच्या साली वाटप मागचंच कायम राहिलं. कचेरीतून माणूस यायचा, विचारायचा, काही बदल आहे का. दरवर्षी विचारायचा. त्या अर्थानं मी एक शब्द बोलले असं वर म्हटलं ते खोटंच आहे. दरवर्षी गप्प राहिले तेही धरायला हवं.

अक्कांच्या मुलानं पुण्याची नोकरी सोडून यायचं ठरवलं होतं ते त्यानं रद्द केलं. मुरमाच्या पट्टीत येऊन करणार काय? अक्का ती पट्टी दोन वर्षं पेरत राहिल्या. हुलगा आला वीतभर. मग त्यांनी नाद सोडला आणि मजुरीला लागल्या. मासेमारीवाले बाहेरून येऊन काठाला राहिले होते, त्यांचे मासे निवडायला जायच्या. आणि उन्हाळ्यात आमच्या मळीत यायच्या. आमच्या म्हणते आहे मी, बघा. सासरे त्यांना मजुरी बाकीच्यांपेक्षा जास्त द्यायचे, त्या घ्यायच्या नाहीत, इतरांएवढीच घ्यायच्या. कलिंगडाची आळी करताना मध्येच थांबायच्या आणि मला सांगायच्या, हितं आमचा गोठा हुता, हितं मालक जेवायला बसायचे. हसत सांगायच्या. रडत सांगितलं असतं तर मी बोलले असते का? मला नाही वाटत. मी इतक्यांदा स्वतःला विचारलंय की आता उत्तर ऐकायचाही कंटाळा येतो.

त्यांच्या नावाचं काय झालं ते सांगायचं राहिलं. कुणी ठरवून केलं नाही. गावात वाटपाच्या वेळी पुकारा व्हायचा, अमक्याची पट्टी कुठली, तमक्याची कुठली. ‘काशाक्का, माळाची.’ नवी पोरं तेच ऐकत वाढली. नव्या सुना आल्या, त्यांना काय माहीत? काही वर्षांत अक्का ‘माळाच्या काशाक्का’ झाल्या. आणि आम्ही विहिरीवरचे होतो ते मळीवाले झालो. माझ्या थोरल्याच्या लग्नपत्रिकेवर त्याच्या चुलत्यानं हौसेनं छापलंय तसं. पत्रिका अक्कांना द्यायला मीच समोर गेले होते. अक्कांनी नातीला वाचायला लावलं, तिनं वाचलं, अक्का ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, हळद कधी आहे. त्या दिवशी मला त्यांचा राग आला होता, हे सांगितलं तर तुम्हाला पटेल का? एवढं कसं कळत नाही या बाईला? एवढा विश्वास ठेवायचा असतो का कुणावर? असं मनात म्हणत मी घरी आले. आपण ज्याचं वाटोळं करतो त्याच्यावरच चिडतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

पुढे सगळंच बदललं. पाइपलाइनी आल्या. धरणाचं पाणी मोटारी लावून वर चढलं आणि माळावर ऊस उभा राहिला. जिथे कुसळं उगवायची तिथे बंगले झाले. आता माळाचा भाव विचारू नका. ज्यांची माळावर खासगी जमीन होती त्यांची चांदी झाली. अक्कांची तिथे स्वतःची वीतभरही नव्हती. त्यांची होती ती पट्टी धरणाची, उन्हाळ्यापुरती. म्हणजे नाव माळाचं लागलं आणि माळाचा फायदाही नाही. आणि मळी हा शब्दच मेला. आता आमच्याकडे कुणाही पोराला विचारा मळी म्हणजे काय — साखर कारखान्यातून निघते ती, वास मारणारी, काळी. रान असतं त्या नावाचं, हे सांगितलं तर हसतील. त्यामुळे माझं खोटं कुणी पकडण्याची भीती उरली नाही. ज्या दोन शब्दांची मी अदलाबदल केली त्यातला एक कुणाला ऐकूच येईनासा झाला.

आमचे हे गेले, सासू-सासरे तर कधीचेच. मुलगा सोलापुरात नोकरीला, मी त्याच्याकडे राहते. चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येतं ते त्याच धरणातलं. मी भांडी भरून ठेवते. अक्काही इथेच आहेत. त्यांचा मुलगा पुण्याहून इकडे बदलून आला, विजापूर रोडला भाड्याचं घर आहे. रिक्षानं फार लांब नाही. मी जात असते. जाताना त्यांना आवडतं म्हणून कलिंगड नेते — हसू नका, खरंच नेते.

इथवरचं सगळं जुनं झालं. जुनी चूक, तरुण वय, वेळ निघून गेली, असं तुम्ही माझ्या वतीनं म्हणत असाल कदाचित. म्हणून मागच्या महिन्यातलं सांगते.

अक्कांची नात ऋतुजा कॉलेजात आहे. त्यांना काहीतरी करायला दिलंय — आपल्या गावचं पाणी, जमीन, आधी काय पिकायचं, मग काय झालं, घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून आणा. गुणी मुलगी. तिनं मला मुद्दाम बोलावून घेतलं. आजी काय बोलते ते आता निम्मं कळत नाही, तुम्ही शेजारी बसा, तुम्हाला सगळं माहीत आहे, म्हणाली. मी गेले. अक्का गॅलरीतल्या कॉटवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. अंग आक्रसलंय, पण आवाज तोच. मी खुर्चीत बसले. ऋतुजानं मोबाइल मध्ये ठेवला.

अक्का छान बोलल्या. नदी सांगितली, पूर सांगितले. मळीचं रान कसं असायचं ते तर असं सांगितलं की मला माझ्या बोटांतून गाळ वर येताना जाणवला. वांगी कसली यायची, घेवड्याचे मांडव कसे वाकायचे, कलिंगड फोडलं की आवाज कसा व्हायचा. ऋतुजा रंगून गेली. तिनं विचारलं, मग आजी, आपलं रान कुठं होतं?

अक्का म्हणाल्या, "आपलं कुटलं मळीचं, बाय? ती नशीबवान मानसं. ही शैलाची. आपलं माळाचं. नुसतं दगुड."

सरळ सांगितलं. टोमणा नव्हता त्यात. मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं, फार वेळ पाहिलं, टोमणा शोधत होते मी. मिळाला असता तर बरं वाटलं असतं. त्यांच्या डोक्यात मालक जेवायला बसायचे ती जागा, तो गोठा, ते सगळं आता दुसऱ्या कुणाच्या तरी रानात होतं. माझ्या. त्यांना तेवढंच आठवत होतं आणि त्यांना ते खरं वाटत होतं.

ऋतुजा माझ्याकडे वळली. आजीचं हल्ली काही खरं नसतं, इकडचं तिकडे करते, म्हणून तिला खात्री करायची होती. तिनं विचारलं, बरोबर आहे का हो शैला आजी, माळाचंच होतं ना आमचं?

गॅलरीत शांत होतं. कसलं इंजिन नव्हतं. मी तिला म्हणाले, हो बाळा, माळाचंच.